शंभर रुपयांचे बुवा

नोएडा, सेक्टर ५१
३ जुलै २०२५

ती. अक्का,

मिरजेच्या दिशेनं नमस्कार घालतो आहे. स्वीकारायचा की परत पाठवायचा ते तू ठरव; परत पाठवायची तुला सवय आहे.

अकरा वर्षांनी पत्र लिहितोय म्हणजे घरात काही झालं असेल, असं समजू नकोस. सगळे ठणठणीत आहेत. कांताचा शिवणाचा क्लास जोरात चालतो. घरात आम्ही तिघं आणि शिलाईची चार मशीनं राहतो. तेजश्री पंचवीस वर्षांची झाली, नोकरीला लागली, पण फडताळ म्हणजे काय ते तिला अजून सांगावं लागतं. तिच्या लेखी जगात फक्त अलमाऱ्या आहेत. मी डिसेंबरअखेर निवृत्त होतोय.

पत्राचं कारण निव्वळ ऑफिसचं आहे. नरसिंहबुवांची जन्मशताब्दी बारा नोव्हेंबरला येतेय, हे मी त्यांच्या शिष्येला सांगायचं म्हणजे कमालच. तर त्यानिमित्त सरकार त्यांचं नाणं काढतंय. शंभर रुपयांचं. भाजीवाल्याला द्यायचं नव्हे, मखमलीच्या डबीत जपून ठेवायचं असतं तसलं. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला आपले बुवा. आणि तो चेहरा घडवायचं काम आमच्या टांकसाळीत माझ्या टेबलावर आलंय.

ते कसं आलं ते ऐक. भटनागर साहेबांनी फाईल उघडून मला विचारलं, "मल्हारीजी, ये म्हैसालकर कौन हैं? आपकी तरफ़ के लगते हैं." मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, राष्ट्रीय संगीतकार म्हणून गौरव झाला ते साल सांगितलं. साहेब "अच्छा, अच्छा" करत राहिले. मग मी ती शाळेतल्या प्रार्थनेची चाल गुणगुणून दाखवली. माझा गळा कसा आहे ते तू जाणतेसच. बुवांनी मला शिकवणीतून दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं होतं. पण दुसऱ्या ओळीवर साहेबांनी फाईल मिटली. "अरे, ये तो हम देहरादून में रोज़ गाते थे यार," म्हणाले आणि स्वतःच गायला लागले. पलीकडून लेथवरचा, बिहारमधल्या छपऱ्याचा माणूस, स्टोअरमधल्या केरळच्या बाई, सगळ्यांनी आपापल्या भाषेतले शब्द घालून तीच चाल धरली. पाच मिनिटं सेक्शनमध्ये काम बंद होतं. चाल सगळ्यांना पाठ, आणि ती कोणाची हे एकालाही माहीत नाही. मी तेव्हाच मागून घेतलं, की हे काम माझं.

तुझ्याकडे बुवांचे फोटो असतील तर पाठव. नसले तरी अडत नाही, माझ्याकडे एक आहे. ज्यावरून मी पुतळा केला होता तोच.

त्या पुतळ्याबद्दल मला काही बोलायचं नाही. चारशे माणसांसमोर तू हार घेऊन उभी राहिलीस, पुतळ्याकडे बघितलंस, हार टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, "हे बुवा नव्हेत." माइक चालू होता. मी संध्याकाळच्या गाडीनं निघून आलो. बास. काही बोलायचं नाही म्हटलं ना.

नाणं निघालं की एक पाठवीन. बघून काय वाटलं ते कळवायची गरज नाही.

मल्हारी

ता. क. कळवलंस तरी चालेल.


नोएडा
२१ जुलै २०२५

ती. अक्का,

तुझं कार्ड मिळालं. "फोटो आहेत. पाठवणार नाही. मिक्सर चालतो का?" अकरा वर्षांनी बहीण भावाला तीन वाक्यं लिहिते, त्यांतलं एक मिक्सरबद्दल.

चालतो. तुझ्या स्वप्नालीच्या लग्नाचा आहेर म्हणून मी तो कुरियरनं पाठवला आणि तू खोकंसुद्धा न फोडता परत धाडलास, त्या दिवसापासून रोज चालतो. कांता म्हणते, स्वतःसाठी घेतला असता तर इतका टिकला नसता. लग्नाला मी यायला हवं होतं. रजा मिळाली नाही असं तेव्हा कळवलं होतं. रजा मी मागितलीच नव्हती.

कार्ड कांतानं फ्रिजवर लावलंय. तेजश्रीनं वाचलं आणि म्हणाली, "आत्या किती क्यूट लिहिते, यार. बाबा, तुम्ही सिंपली फोन का नाही करत?" मी म्हटलं, फोनवर आम्ही दोघं एका वेळी बोलतो, म्हणून.

आता कामाचं. ऑफिसातलं मॉडेल मी कोणाला दाखवू शकत नाही. नाणं निघेपर्यंत ते गेटबाहेर जात नाही, आणि जाऊही नये. पण सराव म्हणून घरी गॅलरीत मी मातीत बुवांचा चेहरा करतोय, जेवायच्या ताटाएवढा. तो माझा स्वतःचा आहे. त्याचा फोटो सोबत जोडलाय. गळ्याखालचं अजून व्हायचंय, तिकडे बघू नकोस.

स्वतःची टिमकी वाजवत नाही, पण हा चेहरा आमच्या सेक्शनमध्ये दुसऱ्या कोणाला जमला नसता. आम्ही जुने लोक पोलादात हातानं कोरत शिकलो. ठशावर चेहरा उलटा कोरायचा, तेव्हा तो नाण्यावर सुलटा उमटतो. उजवा गाल डावीकडे, अक्षरं शेवटाकडून सुरुवातीकडे. छत्तीस वर्षं हेच केलं. आताची मुलं संगणकावर चुटकीसरशी उलटं-सुलटं करतात. माझा मात्र डोळाच तसा झालाय. दुकानाची पाटी मी आरशात जास्त भरभर वाचतो. कांताला वाटतं हे डॉक्टरला दाखवायला हवं.

तर बघ आणि सांग. या वेळी माइक नाही, माणसं नाहीत, आपण दोघंच आहोत. हे बुवा आहेत की नाहीत, एवढंच मला हवंय. डिसेंबरात मी हत्यारं खाली ठेवणार. त्याआधी तुझ्याकडून एकदा 'हो' यावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय. ऑफिसचं काम वगैरे मी मागच्या पत्रात उगाच लिहिलं. हे लिहायचं नव्हतं, लिहून गेलो, आता खोडत नाही.

भाऊजींना नमस्कार.

मल्हारी


नोएडा
१० ऑगस्ट २०२५

अक्का,

"कारागिरी उत्तम. बुवा नाहीत."

बरं.

ऑफिसातलं मॉडेल परवा वरपर्यंत मंजूर झालं. ज्यांनी मंजूर केलं त्यांना डोळे आहेत. बुवा एकट्या तुलाच समजले, बाकी सगळे गाढव, असा ताम्रपट तुला कोणी करून दिलाय? काय नाही ते तरी लिही. नाक? कपाळ? तेही नाही. नुसतं 'नाहीत'. मुख्याध्यापकांनी शेरा मारावा तसा.

काल राखी पौर्णिमा झाली. राखी आली नाही. मी वाट बघत नव्हतो. पोस्टमन सोसायटीच्या गेटवर दोनदा भेटला तो योगायोग.

हा पत्रव्यवहार इथंच संपला. मिक्सर हवा असेल तर कळव, पाठवून देतो.

मल्हारी


नोएडा
१७ ऑगस्ट २०२५

ती. अक्का,

मागचं पत्र फाडून टाक. आधीच फाडलं असशील तर तुकडेही टाक.

परवा पंधरा ऑगस्टची सुट्टी होती. सकाळी सोसायटीत झेंडावंदन झालं, जिलेबी झाली, आणि मी गॅलरीत मातीपुढे बसलो. तुझ्यावरचा राग होताच, म्हणून गळ्याखालचं काम काढलं. बुवांचा तो बंद गळ्याचा कोट. फोटोत आहे तसा, घडी न् घडी, बटण न् बटण. पुतळ्यावर मी शाल दाखवली होती, त्यामुळे कोट असा उघडा कधी केलाच नव्हता.

कांता कपडे वाळत घालायला आली. दोरीवर दोन टॉवेल टाकले, वळून बघितलं आणि म्हणाली, "अहो, बुवांनी बायकांचा कोट का घातलाय?"

मी म्हटलं, "काय?"

"उजवी बाजू वर आलीये. बायकांच्या कपड्यांना उजवी वर असते, पुरुषांच्या डावी. माझ्या क्लासात हा पहिल्या आठवड्याचा धडा आहे."

मी म्हटलं, फोटोत तसंच आहे. ती म्हणाली, दाखवा. मी कपाटातून फोटो आणला. तिनं चष्मा न लावता, ओले हात पदराला पुसत बघितला, आणि म्हणाली, "मग फोटोच उलटा आहे," आणि कुकर बंद करायला निघून गेली. तेजश्री सोफ्यावर आडवी होऊन हसत होती. "बाबा, सीरियसली? लेडीज कोट?"

मला हसू येत नव्हतं.

यानंतर मी काय केलं ते तुला सांगायलाच हवं असं नाही, पण सांगतो. मी फक्त बटणं बदलली. दहा मिनिटांचं काम. डावी बाजू वर घेतली, काजं पलीकडे नेली, आणि लांबून बघितलं. छान दिसत होतं. कोट पुरुषाचा झाला. ऑफिसातल्या मॉडेललाही एवढंच केलं की भागलं, कोणाच्या बापाला कळणार नाही असं मनाशी म्हटलं, जेवलो आणि पडलो.

झोप लागली नाही. उठलो, फोटो घेतला आणि कांताच्या ड्रेसिंग टेबलासमोर जाऊन आरशापुढे धरला.

आरशात बुवा होते.

अक्का, माझ्या तोंडून "बुवा" असं मोठ्यानं निघून गेलं. डावी भुवई उचललेली. मी नऊ वर्षांचा असताना तुझा डबा घेऊन दारात उभा होतो, तेव्हा त्याच भुवईखालून बघत त्यांनी मला विचारलं होतं, "आत येणार, की तिथूनच फुकट ऐकणार?" ओठाचा तो एक कोपरा खाली गेलेला, तोही जिथं असायला हवा तिथं. अकरा वर्षं तो फोटो माझ्याजवळ होता, आणि त्यातला माणूस मला आत्ता दिसला.

मग सगळं आठवलं. पुतळ्याच्या वेळी मी बुवांच्या फोटोची जुनी काचेची निगेटिव्ह घेऊन स्टुडिओत गेलो होतो. काचेची कुठली बाजू वर ते म्हाताऱ्या फोटोग्राफरला कळेना, म्हणून त्यानं दोन प्रिंट काढल्या, एक या बाजूनं आणि एक त्या बाजूनं. दोन्ही टेबलावर ठेवून मला विचारलं, "यातली खरी कुठली? तुम्ही बघितलंय त्यांना." मी क्षणभरही थांबलो नाही. चटकन बोट ठेवलं ते उलट्या प्रिंटवर. उलटा चेहराच माझ्या डोळ्याला ओळखीचा वाटला, कारण जन्मभर ठशावर उलटेच चेहरे बघत आलो. दुसरा कोणी असता तर एखादे वेळी सुलटा निवडला असता. मी निवडणं शक्यच नव्हतं.

तू अठरा वर्षं त्यांच्या डाव्या हाताला तंबोरा घेऊन बसलीस. तुला कळणार नाही तर कोणाला कळणार?

तू बरोबर होतीस. हे वाक्य लिहायला चहाचे तीन कप लागले. तेव्हाही बरोबर होतीस आणि मागच्या आठवड्यातही. मी अकरा वर्षं तुझ्यावर रुसून बसलो, भाचीच्या लग्नाला आलो नाही, आणि चूक माझ्या बोटाची होती. मला याचं फार वाईट वाटतंय, अक्का.

आता पंचाईत अशी आहे, की ऑफिसातलं मंजूर झालेलं मॉडेलही त्याच फोटोवरून केलंय. उद्या सोमवारी भटनागर साहेबांना जाऊन सांगणार. निवृत्तीला चार महिने राहिलेला माणूस म्हणणार, साहेब, मी राष्ट्रीय संगीतकाराचा चेहरा उलटा केलाय आणि त्यांना बायकांचा कोट घातलाय. हसतील. हसू देत.

मल्हारी


नोएडा
४ सप्टेंबर २०२५

ती. अक्का,

तुझं स्पीडपोस्टचं पाकीट तेवीस ऑगस्टला, शनिवारी आलं. सहा पानं आणि चौदा फोटो. पोस्टमननं सही घेताना विचारलं, "अंकल, शादी के कार्ड हैं क्या?" मी म्हटलं, त्याहून मोठं आहे.

आधी साहेबांचं सांगतो. ते हसले नाहीत. पूर्ण ऐकून घेतलं, मग स्वतःच्या कोटाची बटणं खाली वाकून बघितली. "कितने दिन?" मी म्हटलं, बारा. "दस लीजिए. दोबारा मंज़ूरी मैं करवाता हूँ." मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "अच्छा हुआ आपने बता दिया. वरना जब भी वो धुन सुनता, यही याद आता." माझ्या चुकीचा कागद मीच लिहून दिला, त्यावर सही केली. छत्तीस वर्षांतला पहिला. लिहिताना वाटलं तितकं जड गेलं नाही.

तुझ्या पत्रातलं तिसरं पान मी चार वेळा वाचलं. "काय चुकलंय ते मला कळत नव्हतं. कळलं असतं तर तुला कोपऱ्यात घेऊन सांगितलं असतं. कळत नव्हतं म्हणून चिडले, आणि चिडले म्हणून माइकवर बोलले. घरी येऊन दोन दिवस तंबोरा लावला नाही." हे तू अकरा वर्षं पोटात ठेवलंस? आपण दोघं एका आईची लेकरं आहोत याबद्दल मला अधूनमधून शंका यायची, ती आता गेली.

फोटो बघितले. कांतानं प्रत्येकात आधी बटणं तपासली. आणि मातीच्या फोटोवर तू पेन्सिलीनं जी वर्तुळं काढून पाठवलीस, त्यांबद्दल काय बोलावं? "हनुवटी खाली घे. हनुवटी वर करून गाणाऱ्यांना ते हसायचे." घेतली. "गळ्याची शीर दिसू दे, पण फुगवू नकोस, ते ओरडत नसत." दिसू दिली. "डोळे मिटू नकोस. डोळे मिटून गातात ते रेडिओ स्टेशनवरच्या फोटोत, घरी ते समोरच्याकडे बघत गायचे, म्हणून आम्ही घाबरायचो." उघडले. कानाबद्दल तुझं ऐकलेलं नाही. कान माझा बरोबर आहे, चौदा फोटोंत मोजलाय. त्यावर वाद घालायचा असेल तर इथं येऊन घाल.

दहा दिवसांत काम झालं. रोज सकाळी लवकर जायचो. लेथवाला छपऱ्याचा माणूस आत डोकावून विचारायचा, "बुवा जी ठीक हैं?" आता सगळे त्यांना बुवा जी म्हणतात. केरळच्या बाईंनी त्या चालीचा बुवांच्या आवाजातला तुकडा शोधून काढला आणि मी काम करत असताना मोबाईलवर लावून ठेवला. जितकं गाणं ऐकलं तितकी भुवई सुधारली. इतक्या आनंदात मी ऑफिसात कधी काम केलं नव्हतं, आणि हे निवृत्तीच्या तोंडावर कळावं याचा थोडा रागही आला.

या वेळी तुला मातीचा फोटो पाठवणार नाही. तू नाणंच बघ. एकदा पाडलं की ते दुरुस्त करता येत नाही, हे मला माहीत आहे, आणि तू 'नाहीत' म्हणालीस तर ते तसंच राहील हेही माहीत आहे. बुवांच्या शिष्यांना बोलावणं जाणार आहे. तू ये.

तुझा
मल्हारी


नोएडा
२७ ऑक्टोबर २०२५

ती. अक्का,

हट्ट पुरे. सख्ख्या भावाचं घर असताना तू कस्तुरबा गांधी मार्गावर सदनात उतरणार आणि मी नोएडातून तुला बघायला येणार, म्हणजे मी कोण, तुझा चाहता? कांतानं तोडगा काढलाय: कार्यक्रमाच्या आदल्या रात्री आणि त्या रात्री बाकीच्या शिष्यांबरोबर सदनात राहा, कोणाला वाईट वाटायला नको. नंतरचे चार दिवस इथं. यावर चर्चा नाही, तिनं तुझ्यासाठी ब्लाउज बेतून ठेवलेत.

निजामुद्दीनला तेजश्री न्यायला येईल. ती तुला "आत्या, आप कॅबमध्ये बसा" असलं काहीतरी म्हणेल. रागावू नकोस, मनानं अस्सल मराठी आहे. दिवाळीनंतर इथं थंडी कमी आणि धूर जास्त असतो, तेव्हा गळ्याला बांधायला सुती काहीतरी आण. शाली घरात पुष्कळ आहेत.

भाऊबीजेला तू फोनवर ओवाळलंस ते मला चालतं की नाही, असं तू विचारलं होतंस. चालतं. तुझी आरती अर्धी झाली असताना माझं नेट गेलं, ते धरू नकोस.

नाण्याबद्दल एक अक्षर विचारू नकोस, मी सांगणार नाही.

तुझा
मल्हारी


नोएडा
२० नोव्हेंबर २०२५

ती. अक्का,

तुला गाडीत बसवून आलो त्याला तीन दिवस झाले. घर अजून तू लावून गेलीस तसंच आहे. मसाल्याचे डबे तू कुठल्या क्रमानं ठेवलेस ते कांताला उलगडत नाही, पण ती हलवत नाही. सोसायटीतल्या बायका रोज विचारतात, दीदी परत कधी येणार, त्यांचा दुसरा आलाप अर्धा राहिलाय. तेजश्री काल ऑफिसला जाताना ती चाल गुणगुणत होती आणि तिनं "फडताळातून माझा स्कार्फ दे" असं म्हटलं. घरात फडताळ नाही, पण कांतानं अलमारीतून काढून दिला.

तू इथं होतीस त्या दिवसांत आपण सगळ्यावर बोललो. आमटीत गूळ किती, तेजश्रीचं लग्न, मेट्रोत तुला जागा देणारा सरदारजी, माझी रक्तातली साखर, भाऊजींचं घोरणं. कानावर भांडलो, आणि त्यात तू हरलीस. पुतळ्याबद्दलही तू आपणहून बोललीस, की जानेवारीत ये, दुसरा कर आणि पहिला आपल्या गॅलरीत नेऊन ठेव. येतोय, तिकीट काढलंय. फक्त नाण्याबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. मीही विचारलं नाही. तोंडापर्यंत यायचं आणि मी चहा मागायचो. कांता म्हणाली, या आठवड्यात एवढा चहा का लागतोय. गाडी सुटताना तू खिडकीतून काहीतरी सांगत होतीस. मी धावत धावत ऐकलं, तर डब्यात लिंबाचं लोणचं कमी दिलंय म्हणालीस.

म्हणून हे पत्र. तुला माहीत नाही ते सांगतो.

कार्यक्रमाच्या दिवशी तू तिसऱ्या रांगेत होतीस, शिष्यांत. आम्ही टांकसाळीचे लोक तुमच्या मागच्याच रांगेत, तुझ्यापासून दोन खुर्च्या सोडून मी. तू वळून बघितलं नाहीस, म्हणून तुला कळलं नाही. मंचावर पडदा सरला, मोठ्या स्क्रीनवर नाणं आलं, टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी मंत्रालयातले एक अधिकारी होते, तेही टाळ्या वाजवत होते. तू स्क्रीनकडे बघितलंच नाहीस. पर्समध्ये चष्मा शोधत होतीस. मग शिष्यांना डब्या वाटल्या. तुझ्या हातात डबी आली, तू ती उघडलीस आणि थांबलीस.

मला तुझा चेहरा दिसत नव्हता. अंबाडा आणि जांभळ्या साडीची पाठ, एवढंच. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. पुतळ्यासमोर तू जेवढा वेळ उभी होतीस त्याच्या दुप्पट वेळ तू त्या डबीकडे बघत बसलीस. मी मनात म्हटलं, झालं. आता ही डबी मिटणार आणि पर्समध्ये जाणार.

तुझी मान हलली नाही. पण खुर्चीखाली तुझे पाय हलले. आधी उजव्या पायातली चप्पल निघाली, मग डाव्या. दोन्ही तू टाचेनं हळूच मागे सारल्यास, माझ्या रांगेकडे, पार नजरेआड.

बुवांसमोर चपला घालून कोणी बसत नसे.

त्यानंतर तासभर भाषणं चालली. वातानुकूलित सभागृह, संगमरवरी फरशी, नोव्हेंबर महिना. तू अनवाणी बसून राहिलीस, पाठ ताठ, हात मांडीवर, आणि हातांत उघडी डबी. एकदाही टेकली नाहीस. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. शेजारच्या अधिकाऱ्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि कानात विचारलं, "आप ठीक हैं?" मी म्हटलं, "बिल्कुल."

तेव्हा अक्का, आता तू काही लिहून कळवू नकोस. मला पोचलं.

तुझा
मल्हारी